ठकूबाईच्या पंगतीतले जास्तीचे पान

परीक्षा संपून वसतिगृहाच्या खोल्यांना कुलपे लागली आणि खाणावळीची चूल थंड झाली, की ठकूबाई नेरळला उतरून एस.टी.ने कळंबला येई. मृग लागेपर्यंतचे दिवस ती भावाच्या घरी काढी. वैधव्य आल्यापासून ती मुंबईतल्या एका विद्यार्थी वसतिगृहात स्वयंपाकाला होती आणि तिथली मुले तिला मावशी म्हणत. तिला अक्षरओळख नव्हती. पण कळंबच्या बौद्धवाडीत कोणी तिची चौकशी केली, तर लोक सरळ सांगत, ‘ठकूबाय युनिवर्सिटीत असते.’ हे विधान ठकूबाईने कधी केले नव्हते आणि कधी खोडूनही काढले नव्हते.

वाडीतल्या चार-दोन घरांतून तेव्हा पहिल्यांदाच मुले कॉलेजात जाऊ लागली होती. पदवी ही त्या वाडीत केवळ नोकरीची सोय नव्हती. विहारातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावताना आया मुलांसाठी जे मागत, ते पदवीच असे. त्यामुळे युनिवर्सिटीत राहून आलेल्या बाईच्या शब्दाला आपोआप वजन आले. ती भाजी निवडताना म्हणे, ‘या वांग्यांना टर्म नाय मिळायची, परीक्षेला बसायची नायत,’ आणि बायका हसून पुन्हा पुन्हा तेच म्हणायला लावत. भावजय मोतीबाईची आमटी चाखून ती निकाल देई : ‘पास क्लास. मीठ कमी, नायतर सेकंड आली असती.’

मुलांची पारख तिने वाढता वाढता शिकून घेतली होती. ‘सायन्सवाला घड्याळ बघून जेवतो. इकॉनॉमिक्सवाला पयलं इचारतो, भात अजून किती शिल्लक हाय. तत्त्वज्ञानाचा पोरगा ताटात मीठ नाय घेत, नि नाय घेतलं त्ये त्याला कळतबी नाय.’ हे ऐकायला पारावर माणसे जमत. हळूहळू मुलींचे बापही येऊ लागले. ‘ठकूबाय, आमच्या पोरीसाठी अमक्याचा मुलगा सुचवलाय, तुमच्याकडं जेवतो. कसा हाय?’ आणि ठकूबाई सांगे. दोन सोयरिकी तिच्या शब्दावर जुळल्या आणि दोन्ही सुखाच्या निघाल्या. यात शब्दाचा वाटा किती आणि नशिबाचा किती, हे कोणी तपासले नाही. ठकूबाईनेही नाही.

म्हणून अडुसष्टच्या उन्हाळ्यात भाऊ काळूराम स्वतःच्या मुलीसाठी, भागीसाठी, स्थळ पाहू लागला, तेव्हा ठकूबाईला आठवायलाही लागले नाही. नाव तिच्या ओठांवरच होते. खोपोलीच्या कारखान्यात कामाला असलेल्या श्रीपतचा मुलगा सहदेव. बी.ए. झालेला, एम.ए. करणारा, तीन वर्षे तिच्या हातचे जेवलेला.

‘गुणाचा हाय रं,’ ती भावाला म्हणाली. ‘बाकीची पोरं जेवणाला रोज नावं ठेवतात. भाकरी कडक हाय, डाळीत डाळ नाय, मावशी, हे पाणी का आमटी? ह्या पोरानं तीन वर्सांत एक अक्षर काढलं नाय. वाढलं त्ये खाल्लं, ताट घासलं, गेला.’

‘तू म्हणतीस तर झालंच, आक्का,’ काळूराम म्हणाला. भागी मॅट्रिक झालेली होती, गावच्या बालवाडीत शिकवीत होती. तिने आत्याला एवढेच विचारले, ‘बोलतो का?’

‘लायब्ररीत बोललेलं चालत नाय, म्हणून सवय गेली आसंल,’ आत्याने सांगितले, आणि भागी हसली. ते हसणे म्हणजे होकार, असे सर्वांनी धरले.

वैशाख पौर्णिमेनंतरच्या रविवारी पसंतीचे जेवण ठरले. अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घातला. कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या आणि टोपलीभर करवंदे. श्रीपत इस्त्रीचा सदरा घालून आला. सहदेव त्याच्या मागे मान खाली घालून होता. त्याच्याबरोबर त्याचा खोलीतला मित्र नागू होता. नागू सातारकडचा, अर्थशास्त्राचा, बोलका. त्याला पाहून ठकूबाईला बरे वाटले, कारण नागू असला की पंगत हसत असे.

आणि नागूने हसवले. प्राध्यापकांच्या नकला झाल्या. चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा वर्गभर शोधणारे इतिहासाचे सर झाले. मग तो ठकूबाईकडे वळला.

‘पण खरी विदुषी आमची मावशी. मावशी, पिंपाची गोष्ट सांगू का?’

‘सांग की,’ ठकूबाई म्हणाली. पाहुण्यांसमोर आपले नाव निघाले याचा तिला आनंद झाला होता, तो तिने रश्श्याच्या वाफेआड लपवला.

‘झालं काय,’ नागूने बैठक जमवली, ‘दुपारची जेवणं चाललेली आणि रेक्टर अचानक तपासणीला दारात! हा आमचा सहदेव पंगतीत. आता पळणार कुठं? मावशीनं काय करावं? तांदळाचं रिकामं पिंप होतं, त्यात ह्याला बसवलं आणि वर झाकण! रेक्टर आले ते थेट पिंपापाशी. आमचे रेक्टर अर्थशास्त्र शिकवतात. पिंपाला टेकले आणि सुरू झाले, “ह्यात काय आहे?” मावशी म्हणाली, “तांदूळ, साहेब.” “एवढा? देशात अन्नाचा तुटवडा असताना एवढा साठा?” मग पंचवार्षिक योजना झाली, रेशनिंग झालं, साठेबाजीचे दुष्परिणाम झाले. आत हा घामानं शिजतोय आणि बाहेर तासभर व्याख्यान!’

मांडवात हशा उसळला. काळूरामला ठसका लागला. श्रीपत डोळे पुसत म्हणाला, ‘म्हंजे माझा पोरगा परमिटावरचा तांदूळ झाला व्हय!’ ठकूबाईही पदर तोंडाला लावून हसत होती. एकटा सहदेव भाकरीचा तुकडा बोटांत धरून तसाच बसला होता.

मोतीबाई पाणी वाढत होती. तिने सहज विचारले, ‘पन त्यो रेक्टर यालाच का शोधत व्हता?’

‘शोधणारच की, वहिनी!’ हशाच्या भरात नागूला थांबता आले नाही. ‘ह्याचं नाव कुठल्या खोलीवर आहे? तीन वर्षांपूर्वी इंटरला, कॉलेजच्या दुसऱ्याच वर्षाला, नापास झाला, शिष्यवृत्ती बंद, आधीच्या वसतिगृहातून नाव कमी. तेव्हापासून माझ्या खाटेखाली वळकटी. पण प्राध्यापकांना विचारा, ह्याच्याइतके तास कोणी बसलं नसेल. वर्गात आम्हां सगळ्यांची हजेरी हाच देतो. सगळ्यांच्या नावानं हजर, फक्त स्वतःच्या...’

इथे नागूला मांडवातली शांतता ऐकू आली. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि आधार शोधावा तसा ठकूबाईकडे वळला. ‘मावशी, तुम्हांला तर ठाऊकच आहे. तुम्हीच लपवलंत ना?’

ठकूबाईच्या हातातली पळी रश्श्यात बुडाली. तिला प्रथम वाटले, की आपल्याला नीट ऐकू आले नाही. मग वाटले, नागूची ही पुढची नक्कल असेल, आता तो हसेल. नागू हसला नाही.

बोलला तो श्रीपत, आणि त्याचा आवाज अगदी हळू होता. ‘गेल्या साली म्या कारखान्यात पेढे वाटले. बी.ए. झाला म्हणून. फोरमनला दिले. गेटवरच्या वॉचमनला दिले. त्ये कशाचे व्हते रं?’

‘आबा, मी सांगणार होतो.’

‘कदी? नातवंडं झाल्यावर?’

कोणी जेवत नव्हते. कोंबड्या मांडवात शिरल्या तरी त्यांना कोणी हाकलले नाही. मोतीबाई तांब्या हातात घेऊन नणंदेसमोर उभी राहिली. ‘वन्सं, तुमाला ठावं व्हतं?’

सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत, हे ठकूबाईला न पाहताही कळत होते. त्या दिवशी मुलांनी तिला सांगितले होते, की सहदेव परवा सिनेमाला गेला, म्हणून रेक्टर त्याला धरायला आलेत. तिने ते खरे मानले होते. आता ‘व्हय, ठावं व्हतं’ म्हणावे, तर आपल्याच भाचीला जाणूनबुजून फसवल्यासारखे होत होते. ‘नाय’ म्हणावे, तर युनिवर्सिटीत राहणारी, घासावरून मुलगा ओळखणारी ठकूबाई या मांडवातच संपत होती. पारावरच्या त्या गप्पा, तो मान, त्या दोन सोयरिकी, सगळेच तिच्याबरोबर जात होते.

आणि तेवढ्यात तिला आणखी एक गोष्ट दिसली, जिने तिला मघापेक्षाही मोठा धक्का दिला. सहदेव नेहमी शेवटच्या पंगतीला येई. दाराकडे पाठ करून बसे. एक अक्षर काढीत नसे. जेवणाला नावे ठेवतो तो हक्काने ठेवतो. ज्याचे पानच नाही, तो आमटीला पाणचट कशी म्हणेल? तीन वर्षे ती ज्याला गुण समजत होती, ते त्या मुलाचे भय होते. तिने ते रोज पाहिले होते आणि रोज उलटे वाचले होते.

‘नाय,’ ती म्हणाली. ‘मला नव्हतं ठावं. तीन वर्सं म्या त्याला वाढलं नि मला ठावं नव्हतं.’ मग, कोणी विचारले नसताना, ती म्हणाली, ‘मी कुनाचं काय सांगते, त्ये समदं ताटापुरतं. त्याच्यापल्याडचं मला काय बी कळत नाय.’

काळूराम उठून विहिरीकडे गेला. श्रीपतने सदऱ्याची बटणे उगाच लावली-उघडली आणि मुलाकडे न पाहता रस्त्याला लागला. सहदेव त्याच्या मागे दहा हात अंतर ठेवून निघाला. नागूने ठकूबाईचे पाय धरायला वाकून पाहिले, पण ती मागे सरली.

भागी सर्व वेळ दाराच्या आत उभी होती. आत्या आत आली तेव्हा ती म्हणाली, ‘नापास झाल्याचं मला काय नाय, आत्या. पण बापाला गेटवरच्या वॉचमनपर्यंत पेढे घेऊन फिरवलं. असं फिरवनाऱ्या मानसाला मी कुठल्या तोंडानं व्हय म्हणू?’ काळूराम मृगापर्यंत बहिणीशी बोलला नाही, आणि पारावर कोणी तिला काही विचारले नाही.

जूनमध्ये खाणावळ पुन्हा सुरू झाली. खोपोलीकडून आलेल्या एका मुलाने बातमी आणली. श्रीपत रजा काढून स्वतः मुलाला कॉलेजात घेऊन गेला होता आणि इंटरचा नि वसतिगृहाचा प्रवेश पक्का होईपर्यंत फाटकापाशी उन्हात बसून राहिला होता. तो मुलाशी एक शब्द बोलला नाही म्हणे. ठकूबाईने ऐकून घेतले आणि पीठ मळू लागली. ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही, असे तिने ठरवले होते.

मग एका दुपारी, पहिल्याच पंगतीत, मिसरूड न फुटलेल्या मुलांच्या मधोमध सहदेव बसलेला तिला दिसला. दाराकडे तोंड करून. तिने त्याच्या ताटात आमटी वाढली. ती पुढच्या पानाकडे वळली, तोच मागून आवाज आला :

‘मावशी, आज आमटीत डाळ टाकायची राहिली काय?’

ठकूबाई पळी उगारून जागच्या जागी थिजली. मुले हसत होती. सहदेव हसत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते, पण नजर वर होती. ‘मोठा आला चाखणारा,’ ती कशीबशी म्हणाली आणि चुलीकडे गेली. तिथे तिला बराच वेळ धूर डोळ्यांत गेल्यासारखे करीत उभे राहावे लागले.

पुढच्या मे महिन्यात ती कळंबला आली, तेव्हा एका संध्याकाळी मोतीबाईने अखेर विषय काढला. ‘वन्सं, त्यो श्रीपतचा पोरगा... कसा हाय आता?’

‘आमटीला नावं ठेवतो,’ ठकूबाई म्हणाली.

‘आँ? आनी?’

‘आनी काय नाय. बाकीचं त्याच्या कालिजात जाऊन इचारा.’

मोतीबाईला यातून काही बोध झाला नाही, आणि ती पुटपुटत चुलीपाशी गेली. ओसरीवर भागी तांदूळ पाखडत बसली होती. तिचे सूप थांबले.

‘आत्या,’ तिने मान वर न करता विचारले, ‘नेरळवरनं मुंबईची सकाळची गाडी कितीला असते गं?’