वाळल्या मोहाच्या रंगाची मोटार

कुलरच्या टाकीत पाणी भरत होतो, तेव्हा भाचीचा फोन आला. सुषमा, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. "मामाजी, बाबा गेले," एवढंच म्हणाली. टाकी भरून पाणी अंगणभर वाहत गेलं, तरी नळ बंद करायचं सुचलं नाही. वरोऱ्याहून चंद्रपूर म्हणजे तासाभराची वाट. बसमध्ये खिडकीशी बसलो, तर समोरच्या पत्र्यावरचा रंग पोपडे धरून सुटला होता आणि खाली जुना थर दिसत होता. भाटवे, म्हणजे सुषमाचे बाबा, सोबत असते तर त्यांनी तिथं नख लावलंच असतं. "पाहा मास्तर, जुना न उतरवताच मारला साल्यानं," असं म्हणून, मी त्यांचा खराखुरा साळा असल्यामुळं, वर डोळाही मारला असता.

आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात आणि मोठ्या बहिणीला बाई. वामनराव माझे भाटवे, चंद्रपुरात बस डेपोत पेंटर होते. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक त्यांच्याबद्दल चांगलं चांगलं बोलले, मीही बोललो. पण एक गोष्ट मी त्यांना चाळीस वर्षं सांगितली नव्हती. सांगायची राहून गेली असं नाही. सांगितली नाही. हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मला नुकतीच मास्तरकी लागली होती, शाळा चंद्रपूरजवळच्या खेड्यात आणि मुक्काम बाईकडं. भाटवे तेव्हा पस्तिशीचे. दिवसभर बसगाड्यांना लाल रंग मारायचा. हातावर लाल, कानाच्या पाळीवर लाल, नखांत तर कायमचा. "आपल्या मर्जीचा रंग आपुन कधी मारलाच नाई मास्तर," असं एकदा जेवताना म्हणाले होते. तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगितलं आणि पुढचा घास घेतला.

मग एक दिवस ते सायकलवर एक खोकं बांधून घेऊन आले. वीज केंद्राच्या कामावर आलेला कोणी परदेशी इंजिनियर घर सोडून गेला होता आणि त्याचं सामान घरमालकाकडं राहिलं होतं. त्यात प्लास्टिकच्या लहान मोटारी आणि विमानं होती. सुटे भाग येतात, ते चिकटवायचे आणि वर आपल्या हातानं रंगवायचं, असा तो साहेब लोकांचा खेळ. इंजिनियरनं मोठ्या निगुतीनं रंगवलेल्या त्या मोटारींवर घरमालकाच्या पोरांनी दरवाज्याचा हिरवा ऑइलपेंट फासला होता. खिडक्या बुजल्या, चाकं चिकटली. घरमालक फेकायला निघाला होता, ते भाटव्यांनी उचलून आणलं. बाईनं खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आता लेकरायचे खेळने आनून राह्यले तुमी?"

"खेळने नाई. रंग उतरवाचे हायत," भाटवे म्हणाले.

उतरवणं हा त्यांचा शब्द. ताप उतरतो, नजर उतरते, चढलेली उतरते, तसा रंगही रीतसर उतरला पाहिजे, खरवडायचा नाही. खरवडला की प्लास्टिकच्या अंगावरच्या बारीक रेषा जातात. ओळखीच्या गॅरेजातून ते उरलंसुरलं ब्रेक ऑइल आणत, त्यात मोटार तीन-चार दिवस बुडवून ठेवत, मग दातांच्या जुन्या ब्रशनं हळूहळू घासत. हिरवा जायचा, त्याखालून इंजिनियरचा निळा यायचा, तोही जायचा आणि मग शेवटी उघडं पांढरं प्लास्टिक. ते उघडं प्लास्टिक ते खिडकीशी नेऊन इतका वेळ बघत, की बाई म्हणायची, पोरगी झाली तेव्हाही एवढं पाहिलं नाही या माणसानं.

बंपर आणि जाळीवरची चांदीसारखी चमक मात्र ब्रेक ऑइलनं हलेना. तिचा उपाय सापडला तो बाईच्या स्वयंपाकघरात, आणि तिच्या नुकसानीत. नाली साफ करायला आणलेला कॉस्टिक सोडा भाटव्यांनी पाण्यात कालवला, तो नेमका बाईच्या जर्मनच्या गंजात. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात हो! गंज फसफसला, काळा पडला, बूड भोकं पडण्याइतकं पातळ झालं. बाईनं जो तोंडाचा पट्टा सुरू केला, तो शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या तरी थांबेना. आणि या गृहस्थांनी काय करावं? माफी मागायची सोडून मोटारीचा बंपर त्याच पाण्यात टाकला. पाचेक मिनिटांत चमक गायब. भाटवे जवळजवळ ओरडलेच, "मास्तर, हे चमकते ते चांदी नाई, जर्मनच हाय!" त्यानंतर हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, चिनीमातीच्या बरणीत, ते असले सगळे भाग उतरवू लागले. बाईला नवा गंज आणून दिला, पण तिनं तो वर्षभर त्यांच्या समोर आपटतच वापरला.

बाकीच्या मोटारी त्यांनी झटपट रंगवल्या आणि ओळखीपाळखीत वाटून टाकल्या. एक ठेवली. लांबलचक, वरून उघडी, पुढचं बॉनेट वेगळं निघणारी. तिला त्यांना मोहफुलाचा रंग द्यायचा होता. भाटवे सिंदेवाहीकडचे, धानाच्या मुलखातले, आईबरोबर मोह वेचत मोठे झालेले. पहाटे झाडाखाली पडलेलं ताजं मोहफूल ना धड पांढरं, ना धड पिवळं. तो रंग कुठल्याच डब्यात मिळत नव्हता. ते मिसळून बॉनेटवर लावून बघायचे. एकदा म्हणाले, "हे तं हळद झाली." पुढच्या वेळी, "हे लोनी." की पुन्हा ब्रेक ऑइल, पुन्हा चार दिवस, पुन्हा ब्रश. मी गमतीनं म्हणायचो, भाटवे, उतरवण्यासाठीच रंगवता की काय. ते हसायचे, पण नाही म्हणायचे नाहीत.

त्या पावसाळ्यात ते धानाच्या रोवणीसाठी आठवडाभर गावी गेले. जाताना बॉनेट ब्रेक ऑइलच्या थाळीत होतं. मला म्हणाले, "चवथ्या रोजी काढजा, ब्रशनं घासजा, साबनानं धुजा. बस." माझ्यावर पहिल्यांदाच काही सोपवलं होतं. मी तारीख मोजून, चौथ्या दिवशी शाळेतून आल्यावर बाह्या सरसावून बसलो. रंग छान सुटला, पण कडेच्या रेषांत थोडा अडकून राहिला. म्हटलं, असं अर्धवट काम कसं दाखवायचं? फळीवर थिनरची बाटली होती. रोज हात, ब्रश, सगळं त्यांना थिनरनंच पुसताना पाहत आलो होतो. चिंधी भिजवली आणि फिरवली. रंग क्षणात गेला. मी खूश होऊन बॉनेट उजेडात धरलं आणि माझा अंगठा आत रुतला.

उचलला, तर प्लास्टिकवर अंगठ्याचा अख्खा ठसा. शाळेच्या फॉर्मवर आईबापांचे अंगठे घेताना मनातल्या मनात हसणारा मी मास्तर, स्वतःच अंगठाबहाद्दर ठरलो. ठसा पुसायला पुन्हा चिंधी फिरवली, तर सगळं बॉनेटच चुरमडल्यासारखं सुरकुतलं. ठसा कडेला तसाच. मग मी काय केलं, तर ते उपडं करून गुपचूप थाळीत ठेवून दिलं. जणू ब्रेक ऑइल माझीही करणी उतरवणार होतं!

भाटवे रविवारी आले. पायाच्या बोटांत चिखल तसाच होता, पिशवी ठेवली आणि सरळ फळीकडं गेले. मी वह्या तपासत बसलो होतो, म्हणजे वहीत डोकं घालून होतो. त्यांनी बॉनेट काढलं, पुसलं, खिडकीशी नेलं. नेहमीसारखंच बराच वेळ पाहिलं. बाई बाहेर आली, "का झालं?"

"काई नाई. माह्याच हातून झालं. जाताना थिनर सांडलं वाटते त्याच्यात." आणि मग माझ्याकडं वळून, "मास्तर, जेवले का?"

मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम. पण मला वाटलं, आता कळलं तर या माणसाच्या मनातून मी उतरेन, आणि त्यावर काही कॉस्टिक-बिस्टिक चालायचं नाही. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवलेली लांबूनच दिसली. माझ्यामुळं या माणसाचा स्वतःच्या हातावरचा भरवसा गेला, असं वाटलं. त्या फळीजवळ मी परत फिरकलो नाही. दोन महिन्यांत शाळेच्या गावी खोली घेतली, एस.टी.चं वेळापत्रक जमत नाही म्हणून.

मोटारीला मात्र रंग मिळाला. सुरकुतलेलं बॉनेट बसवून भाटव्यांनी तिला गडद तांबूस, वाळल्या मोहाचा रंग दिला. अगदी हुबेहूब, उन्हात वाळत घातलेल्या मोहाचा. "ताजा जमला नाई, वाळला जमला," म्हणाले, आणि मोटार टीव्हीवर ठेवली. त्यानंतर त्यांनी तिचा रंग कधी उतरवला नाही. पाहुणे बॉनेटवरून बोट फिरवून विचारायचे, हे असंच असतं का? की बाई सुरू व्हायची, "यायनंच थिनर सांडवलं, तवापासून असं हाय." मी समोर कपबशी धरून बसलेला. भाटवे बशीतला चहा फुंकत राहायचे. लग्नात, बारशात, निवृत्तीच्या जेवणात, चाळीस वर्षं बाईनं ती गोष्ट माझ्यासमोर सांगितली आणि मी प्रत्येक वेळी चहा संपवला.

पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली. बाई म्हणाली, "ते फळी तेवढी पाहून दे. नातवायचे हात लागतीन." मी गेलो. ब्रेक ऑइल काळंभोर होऊन बसलं होतं. कॉस्टिकची बरणी दगडासारखी घट्ट. थिनर कधीच उडून गेलं होतं, बाटली रिकामी. चिठ्ठ्या मात्र शाबूत होत्या, खळीनं चिकटवलेल्या, डेपोतल्या लाल रंगानं बारीक ब्रशनं लिहिलेल्या. एकीवर 'ब्रेक ऑइल, चार रोज'. दुसरीवर 'सोडा, जर्मनच्या भांड्यात नाई'. आणि थिनरच्या बाटलीवर, 'मास्तर, हे नोको. सांगाचं राहून गेलं.'

मी बाटली खिडकीशी नेऊन चिठ्ठी पुन्हा वाचली. गावाहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलेली ती चिठ्ठी माझ्यासाठी होती, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांना वाचायला शिकवणाऱ्यानं ती वाचली नव्हती. रडू आलं, आवरलं नाही. बाई दारात येऊन उभी राहिली.

"बाई," मी म्हणालो, "थिनर मीच लावलं होतं."

"मालूम हाय मले," बाई म्हणाली. "त्यायनं मले त्याच रोजी सांगतलं. अंगठा का त्यायचा एवढा बारीक होता? म्हने, मास्तरले काई म्हनू नोको, तो आपून होऊन सांगन. म्हनून तं मी दर वेळी तुह्यासमोर काढत होती ते गोष्ट... पन तू बी का मानूस हायेस!"

मोटार बाईकडंच टीव्हीवर आहे, ती तिथंच शोभते. मी रिकामी बाटली मागून आणली. आत्ता टेबलावर आहे, चिठ्ठी माझ्याकडं करून ठेवलेली. आपण होऊन सांगायला मला चाळीस वर्षं लागली आणि ऐकायला तुम्ही थांबला नाहीत. तरी सांगतो. मीच लावलं होतं भाटवे, मीच.