टोकाचं कोरं घर

सरकारी कर्मचाऱ्यांना मी कोल्हापुरात एकच गोष्ट शिकवतो. योजनेचा परिणाम दारात जाऊन बघा, आणि खात्री झाल्याशिवाय खूण करू नका. इतक्या बैठका घेतल्या, एवढंच लिहून आणणाऱ्यांचा मला वैताग येतो.

गेल्या वर्षी मलकापूरकडचा एक आरोग्यसेवक वर्गात मागं बसला होता. बोलण्याआधी तो वाकड्या बोटानं बाकावर दोनदा टकटक करायचा. त्यानं आपल्या वाडीचा नकाशा काढला होता. ताप नाही म्हणून प्रत्येक घरावर बरोबरची खूण, फक्त टोकाचं एक घर कोरं. मी खूश होऊन नकाशा सगळ्यांना दाखवला.

जेवताना विचारलं, "वाडीत माणसं किती?"

टकटक. "कोण न्हाय, सर. समदी शिरोलीला कामाला गेली. घरं बंद हायत."

"मग जाता कशाला?"

"सोमवारचा दौरा हाय की. दार वाजवतो. आत कोण न्हाय म्हंजे आजारी बी कोण न्हाय. खूण करतो."

"आणि ते कोरं घर?"

त्यानं भाकरी मोडली. "कुलूप त्येला बी हाय. पर तिथं मी दार वाजवलं की आतनं परत दोनदा वाजतंय. तुमीच म्हणालासा की, खात्री न्हाय तिथं खूण करू नका."

नकाशा माझ्याकडंच राहिला. उदाहरण म्हणून मी तो अजून वर्गात दाखवतो. टोकाच्या घरावर आता खूण आहे. ती मी केली. त्या वाडीत मी कधी गेलेलो नाही.