आंब्याखालचं कणीस

असे लांब काय बसलाय? पुढं सरका. आणि मी सांगताना मधेच "मका पिकला की पाणी बंद, त्यात काय एवढं" असं म्हणू नका. आमच्या शेजारच्या आप्पांना ते कळत नव्हतं होय? सगळं कळत होतं.

सदलग्याच्या शिवारात त्यांचं रान वर, माझं खाली, मधे बांध. मका भरत आला की आप्पा रोज एक कणीस सोलायचे, दाणा उपटून नखानं त्याचं बूड खरवडायचे. बुडाला काळा ठिपका दिसला की दाणा पिकला, पाणी थांबवायचं. आप्पांना ठिपका कधी दिसायचाच नाही. "एक पाणी लागतंय अजून," ठरलेलं.

दिसणार कसा? कणीस आणायचे त्यांच्या रानातल्या आंब्याखालचं. सावलीतलं, सगळ्या रानात मागं राहिलेलं. मी उन्हातलं सोलून ठिपका दाखवला, तर म्हणाले, "ते आगाऊ हाय. त्याचं ऐकू नका, आक्का."

गेल्या वर्षी तर कहर केला. माझा मका वाळून खडखडीत, कापणीचं मशीन सांगून ठेवलेलं, आणि यांचं पाणी बांधाखालनं पाझरून माझ्या रानात चिखल. चाक रुतेल म्हणून मशीनवाला परत गेला. मी बांधावर उभी राहून मराठीत बोलले ते बोलले, वर कन्नडमध्येही "साकु, पुरे की आता" ऐकवलं. आप्पा आंब्याकडं निघाले. मी मागोमाग. या खेपेला कणीस मीच मोडलं, मीच सोललं. बुडाला ठिपका, काळा कुळकुळीत.

"आता?" म्हटलं.

आप्पांनी दाणा घेऊन बूड परत नखानं खरवडून बघितलं. मग म्हणाले, "पोराला शब्द दिलाय. मक्याचं पाणी संपलं की रान वाट्यानं लावायचं, आनि बेळगावला त्याच्याकडं जायाचं. कायमचं."

आता यावर भांडायचं तरी कसं, सांगा. "सोडा एक पाणी," म्हटलं, "पण माझ्या बांधाकडनं नको."

यंदा त्यांच्या वाटेकऱ्यानं वेळेवर पाणी तोडलं. माझं रान कोरडं, मशीन येऊन गेलं, भांडण नाही, तंटा नाही. जीव नुसता वैतागलाय. आंब्याखालची चार कणसं तेवढी मी वाटेकऱ्याला तोडू दिली नाहीत.

तुम्ही बेळगावचे ना? आप्पा भेटले तर सांगा, ती अजून हिरवी हायत म्हणावं. बघायला या लवकर.