एक जूनच्या दोन रूपाबाई

आमच्या विमा कंपनीच्या हिंगोली शाखेत पहिला कॉम्प्युटर ब्याण्णव साली निता चव्हाण मॅडमनी बसवला. दोन हजार पाचपर्यंत साऱ्या मराठवाड्याच्या शाखा त्यांनीच कॉम्प्युटरवर आणल्या. मी त्यांची टायपिस्ट. बाई हुशार, हे मी आजही नाकारत नाही.

मॅडम डोंगरकड्याजवळच्या तांड्यातल्या. तिथं जन्मतारीख ठाऊक कुणाला? शाळेत गुरुजी अन् विम्यात एजंट अंदाजानं साल धरून सगळ्यांना एक जून लावायचे. मॅडमचाही वाढदिवस एक जूनच. पेढे आम्हीच खायचो.

तरी त्यांनी कॉम्प्युटरला नियम घातला: नाव, गाव, जन्मतारीख एक, तर माणूस एक. बोगस पॉलिस्या भराभर गळाल्या. पुण्याची बढती पक्की झाली.

तेवढ्यात तांड्यातली रूपाबाई राठोड साप चावून मेली. कॉम्प्युटरनं तिला शेजारच्या रूपाबाई राठोडमध्ये केव्हाच मिसळून टाकलं होतं. तिची वेगळी पॉलिसीच उरली नव्हती; दावा अडकला. तिचा नवरा वसराम मॅडमकडे आला.

"पोरी, तू दोघींच्या हातची भाकर खाल्ली. तुला ठाऊक न्हाई व्हय?"

"पुरावा आणा, काका." चूक कबूल केली असती तर बढती गेली असती.

दुसऱ्या दिवशी म्हातारा शेजारच्या रूपाबाईलाच घेऊन आला. "ही बघ दुसरी. माझी तर मसणात गेली."

मॅडमनी तिला खुर्ची दिली, चहा पाजला, कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. मग मला मजकूर सांगितला: "विमाधारक रूपाबाई राठोड समक्ष हजर. जिवंत आहे. दावा खोटा."

मी टाइप केलं. एक अक्षर चुकलं नाही.