पारोळ्याच्या पुढे तापणारी गाडी

माझी गाडी जळगावात कधीच तापली नाही. हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी शेवटी नवराच ते माझ्या आधी पुरं करायचा. भर दुपारी, एसी लावून, चौकात गाड्यांच्या गर्दीत दहा मिनिटं उभी राहिली, तरी काटा अर्ध्याच्या वर सरकायचा नाही. धुळ्याच्या रस्त्याला एरंडोलपर्यंत वाहतूकच इतकी की साठच्या वर जाता येत नाही, तिथपर्यंतही सगळं ठीक. पारोळा मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि मी तिला जरा पळवलं, की काटा हळूहळू चढायला लागायचा. मुकटी गाव येईपर्यंत तो लाल रेघेला टेकलेला असायचा.

गाडी जुनी आहे. जपानी बनावटीची, सोळाशे सीसीची, कंपनीने कधीच बंद केलेली. तिच्या इंजिनाचा आवाज चार हजार आरपीएमच्या पुढे बदलतो, आणि त्या आवाजासाठी मी ती घेतली, हे मी आता उघडपणे कबूल करते. तेव्हा घरी सांगितलं होतं की कारखान्यात जायला-यायला बरी पडेल. मी प्लास्टिकच्या पाइपांच्या कारखान्यात उत्पादन विभागात इंजिनिअर आहे. मशीनमधलं प्लास्टिक किती अंशांवर वितळतं, कुठे दोन अंश जास्त झाले, हे बघण्यात माझा दिवस जातो. आणि माझ्याच गाडीचं तापमान मला आवरत नव्हतं. त्याचा राग वेगळाच होता.

पहिल्यांदा ती तापली तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. एप्रिल महिना, धुळ्याला नात्यात साखरपुडा. दिवाळीच्या सुमाराला मी पुण्याहून आखूड स्प्रिंगा मागवून गाडी खाली बसवून घेतली होती, रुंद चाकं लावली होती, एअर फिल्टर बदलला होता. सासूबाईंना आत बसताना पाटावर बसल्यासारखं खाली वाकावं लागायचं, पण त्या कधी तक्रार करायच्या नाहीत. त्या दिवशी बॉनेटमधून वाफ यायला लागली. ढाब्यामागच्या निंबाखाली आम्ही दीड तास बसलो. मग त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "मी एसटीने आले असते ना."

दुसऱ्या दिवशी मी जळगावातल्या एका मेकॅनिककडे गेले. त्याने बॉनेट उघडलं, पाच मिनिटं बघितलं आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाला, "साहेब, थर्मोस्टॅटचा वाल काढून टाकू. आपल्याकडच्या उन्हात त्याची गरजच नाही."

"गाडी माझी आहे," मी म्हटलं.

"हो मॅडम. तर साहेब, वाल काढला की पाणी मोकळं फिरेल."

नवऱ्याने हात जोडले आणि बाहेर चहाला निघून गेला. त्याला स्कूटरच्या पुढचं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. वाल निघाला. त्यानंतर गाडी मुकटीच्या ऐवजी पारोळ्याच्या पुढच्या पहिल्याच पुलावर तापली. तो वाल काढला की या इंजिनात निम्मं पाणी रेडिएटरकडे न जाता परस्पर मागे फिरतं, हे मला नंतर नानांनी सांगितलं.

नाना म्हणजे धुळ्याचे मेकॅनिक. सत्तरीचे. माझ्याआधी ही गाडी धुळ्यातल्या एका डॉक्टरांकडे होती आणि पहिल्या दिवसापासून तिला नानांशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. म्हणून मीही नव्वद किलोमीटर दूर त्यांच्याकडेच जायचे. नानांचं काम स्वच्छ. उघडलेला प्रत्येक बोल्ट ते ताटलीत क्रमाने मांडून ठेवतात. फक्त मी गाडीत केलेला एकही बदल त्यांना पसंत नव्हता, आणि ते तसं तोंडावर सांगायचे. स्प्रिंगा पाहिल्या तेव्हा म्हणाले, "ताई, कंपनीवाला काय येडा शेतस का?" चाकं पाहिली तेव्हा तेच. दोन्ही वेळा मी चिडले. दुसऱ्या वेळी तर मी जरा जोरातच म्हणाले, की नाना, तुम्ही दुरुस्तीचं बघा, बाकीचं माझं मी बघते.

त्यानंतर नाना फक्त दुरुस्तीचंच बोलायला लागले.

त्यांनी वाल परत बसवला. रेडिएटर नवा घातला. गाडी गावात फिरवून आणली, काटा जागचा हलला नाही. नाना पन्नासच्या वर गाडी नेत नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. घरी परतताना ती तापली. पुढच्या रविवारी पंखा बदलला. परतताना तापली. मग वॉटर पंप. त्या वेळी मी एकशेदहा लिटर घामाने... नाही, अतिशयोक्ती नको. पण मे महिन्यात एसी बंद करून, काचा उघड्या टाकून आणि वर हीटर लावून गाडी चालवावी लागते तेव्हा माणसाला काय वाटतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. हीटर लावला की इंजिनाची थोडी उष्णता आत येते आणि काटा जरा खाली उतरतो. बाहेर त्रेचाळीस, आत हीटर, आणि मी ट्रकमागे पंचावन्नच्या वेगाने. ती गाडी पळवण्यासाठी घेतली होती.

"तुझी गाडी जळगावात राहते की धुळ्यात?" नवरा विचारायचा. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच रविवारचं काही ठरवायचं असायचं.

चौथ्या वेळी नानांनी इंजिनाचं हेड उघडलं. गाडी आठ दिवस तिथेच होती. मी एसटीने गेले, गाडी घेतली, आणि धुळ्याजवळचं फागणे ओलांडून दहा किलोमीटरही गेले नसेन, तोच काटा चढला. या वेळी मी बाजूला थांबवायच्या आत रेडिएटरच्या पाण्याचा होस फाटला आणि सगळं पाणी रस्त्यावर सांडलं. क्रेनवाल्याने गाडी उचलून नानांच्या दारात आणून ठेवली. मी क्रेनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आले होते. साडीवर ग्रीसचा पट्टा उमटला होता. नानांकडे तीन-चार गिऱ्हाइकं बसलेली होती.

नाना बाहेर आले. "काय व्हयनं ताई?"

काय झालं! मी त्या लोकांसमोर बोलायला लागले आणि थांबलेच नाही. दोन महिन्यांत काय काय बदललं ते सगळं म्हणून दाखवलं. आणि शेवटी म्हणाले, "तुमच्याने आता होत नाही, नाना. डोळ्यांना दिसत नसेल तर तसं सांगायचं माणसाला."

नानांनी फडक्याने हात पुसले. एकेक बोट, सावकाश. त्यांनी त्याच दुपारी होस बदलून दिला, पाणी भरलं, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "ताई, गाडी लई जा."

मी गाडी घेऊन निघाले आणि साठच्या आत चालवत घरी आले. गाडीवर आच्छादन घातलं आणि दीड महिना तिच्याकडे बघितलं नाही. पाऊस लागून गेला. नवरा एकदा म्हणाला की विकून टाक, आणि मी इतक्या शांतपणे "बघते" म्हणाले, की तोच दचकला.

विकायचीच, तर निदान पंख्याभोवतीचं तडकलेलं आवरण बदलून द्यावं, म्हणून मी ते शोधायला लागले. नवं मिळतच नाही. असल्या गाड्यांच्या मालकांचा एक व्हॉट्सॲप गट आहे, तिथे कळलं की रावेरकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याकडे अशीच गाडी आहे. मी फोन केला. "या की," ते म्हणाले. एका सकाळी मी साठच्या आत चालवत रावेरला गेले.

त्यांना सगळे आबा म्हणत होते, मीही म्हणाले. साठीच्या पुढचे, धोतर नाही, पँट आणि पांढरा सदरा. केळीच्या बागेला लागून पत्र्याची शेड होती आणि त्यात ड्रिपच्या नळ्यांच्या वेटोळ्यांशेजारी त्यांची गाडी उभी होती. माझ्या गाडीसारखीच, त्याच रंगाची. कंपनीतून आली तशीच्या तशी. फक्त टपावर कोंबडी बसली होती. आवरण काढून द्यायला आबांनी साफ नकार दिला, कारण गाडी चालू होती आणि लग्नाकार्याला ते तीच काढायचे. पण आलेच आहे तर चहा घ्या म्हणाले, आणि चहा येईपर्यंत ते माझ्या गाडीभोवती फिरले. मग समोर उकिडवे बसले आणि मान वाकडी करून खाली बघायला लागले.

"यवढी खाली कायले केली?"

माझ्या कपाळावर आठी चढली असणार. मी म्हटलं, "वळणावर बरी चालते."

"आन् खालचा पत्रा कुठी गेला?"

"कोणता पत्रा?"

त्यांनी मला त्यांच्या गाडीसमोर नेऊन बसवलं. पुढच्या बंपरच्या खाली, रेडिएटरपर्यंत, प्लास्टिकची एक काळी रुंद पाटी होती. आबा म्हणाले, "माह्या गाडीचा बांधावर घासून तुटला व्हता. बऱ्हानपूरले चाललो त ऐंशीच्या वर गेलं का गाडी तापे. तो नसला त हवा खालूनच निंघून जाते, रेडिएटरले भेटतच नाही."

मी तिथेच, शेडमधल्या मातीत बसून राहिले. ती पाटी मीच काढली होती. स्प्रिंगा बसवल्यावर गाडी खाली आली आणि ती पाटी प्रत्येक गतिरोधकावर खरडायला लागली. त्या आवाजाने वैतागून एका रविवारी मी गाडीखाली शिरले, आठ स्क्रू काढले आणि पाटी रद्दीवाल्याला देऊन टाकली. थंडीत काही जाणवलं नाही. उन्हाळा लागेपर्यंत तर मी ते विसरूनही गेले होते. नानांना मी स्प्रिंगांचं, चाकांचं, फिल्टरचं सगळं सांगितलं होतं, पाटीचं नाही. तो काही बदल आहे असंच मला वाटलं नव्हतं. चहा आला. आबा विचारत होते, साखर कमी पडली का. बहुतेक माझा चेहरा तसा झाला असावा.

तशी पाटी विकत मिळणार नव्हती. आबांच्या पाटीचं माप मी कागदावर उतरवून आणलं होतं. कारखान्यात साहेबांना विचारून जाड काळ्या प्लास्टिकचा एक उरलेला तुकडा घेतला, त्या मापाने कापला, कडा गरम करून वाकवल्या. दोन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी पारोळ्याच्या पुढे मी नव्वदने गेले. शंभरने गेले. एसी चालू होता. काटा अर्ध्यावर होता आणि तिथेच राहिला. आनंद व्हायला हवा होता. मला फक्त नव्या रेडिएटरची, पंख्याची, पंपाची आणि उघडलेल्या हेडची आठवण येत होती, आणि फडक्याने पुसल्या जाणाऱ्या बोटांची.

तशीच पुढे धुळ्याला गेले. नाना एका रिक्षाखाली होते. बाहेर यायला त्यांनी वेळ लावला. मी काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण त्यातलं काहीच बोलले नाही. म्हटलं, "नाना, चूक माझी होती. खालची पाटी मीच काढली होती. मी त्या दिवशी बोलले ते बोलायला नको होतं."

नाना वाकून नवी पाटी बघत होते. बोटाने ठोकून पाहिली. मग म्हणाले, "पाटी नही शे, ते तर मी पहिल्याच दिवशी पाह्यलं व्हतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मग बोलला का नाही?"

"स्प्रिंगवर बोलनू, तुमी रागावनात. चाकंवर बोलनू, तुमी रागावनात. मंग म्हणं, जाऊ द्या. काढी व्हई तुमीनच." त्यांनी पाटीवरून पुन्हा बोट फिरवलं. "पण गाडी त्यानंच तपस, हाई माले बी सुचनं नही. माले सुचाले पाहिजे व्हतं."

त्यांच्यावर चिडावं की स्वतःवर, हे मला ठरवता येईना. मी म्हटलं, "चला, दाखवते."

ते शेजारी बसले. बसताना गुडघे धरून "अरे देवा" म्हणाले, पण स्प्रिंगांवर एक शब्द बोलले नाहीत. मी गाडी फागण्याच्या बाजूला काढली. नव्वदला त्यांनी दाराचा दांडा धरला. त्यांची नजर रस्त्यावर नव्हतीच, पूर्ण वेळ काट्यावर. पंधरा किलोमीटर गेल्यावर म्हणाले, "बस. फिरवा आते, गिऱ्हाईक वाट देखी ऱ्हायनं."

परत येताना ते मान एका बाजूला कलती करून बसले होते. मग म्हणाले, "पुढलं डावं बेअरिंग वाजस."

"तो रुंद टायरचा आवाज आहे, नाना."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मीही एक किलोमीटरभर तशीच चालवत राहिले. मग एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि गाडी हलकेच उजवीकडे वळवून पाहिली. डाव्या चाकातून बारीक घरघर आली. डावीकडे वळवली, तर घरघर थांबली.

"काढा ते बेअरिंग," मी म्हटलं. "आणि नाना, दुसरं काय दिसतंय ते सगळं आत्ताच सांगा."

नानांनी सांगायला सुरुवात केली. धुळं आलं तरी त्यांचं संपलं नव्हतं.