समुद्रात चमचा धुणारे साडू

अर्जदार: खाली सही करणार, धंदा अर्जनवीस, बैठक नंदुरबारच्या कचेरीबाहेरील लिंबाखाली, शिक्षण फायनलच्या उंबरठ्यापर्यंत. ज्यांच्याविषयी अर्ज: अर्जदाराच्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे नात्याने साडू, धंदा शेती, पीक केळी व कापूस, राहणार मौजे प्रकाशा, तापीकाठ. घटनेचा काळ: मुंबई राज्य अखंड होते तेव्हापासून, समुद्र गुजरातेत गेला त्यानंतरच्या काही वर्षांपर्यंत. साक्षीदार: एक, आमचे सासरे, ज्यांच्या पागोट्यास या प्रकरणात भोक पडले, दोन, गावचा एक भोई, तीन, साडूंचे व्याही, जे साक्षीदार असून न्यायाधीशही तेच आहेत.

अर्ज सादर करण्यास कारण की, तापीकाठच्या आमच्या संपूर्ण गुजर समाजात माशांच्या मागे लागलेला पुरुष आजवर एकच झाला, आणि तो अशा घरात झाला की जेथे चातुर्मासात कांदासुद्धा उंबरठ्याच्या आत येत नाही. माझे साडू मुळातच हलक्या हाताचे गृहस्थ. चालताना त्यांच्या वहाणांचा आवाज होत नसे, दार लोटताना कडी वाजत नसे, आणि औताच्या बैलालाही ते आसूड न दाखवता "येतोस का रे जरा?" अशा सुरात बोलावीत. बैल बहुधा येत नसे. मग साडू बांधावर बसून त्याचा विचार बदलण्याची वाट पाहत. शेजारच्या शेतात पेरणी आटोपलेली असे, तेव्हा साडूंच्या बैलाचा विचार नुकता बदलत असे. अशा माणसाच्या हाती कोणतीही जड वस्तू शोभली नसती. त्यामुळे नवापूरच्या पारशी बावाजींनी त्यांच्या हाती जी वस्तू दिली ती जणू त्यांच्याचसाठी घडवलेली होती, असे आज मला मान्य करावे लागते.

हे बावाजी दारूबंदीमुळे दुकान बंद करून बसलेले. साडू त्यांना केळीचा घड द्यायला गेले असता ओसरीवर विलायती गळाची काठी दिसली. काठी म्हणजे किती? तुरीच्या काडीहून थोडी जाड. तिला आगपेटीहून जरा मोठी चरखी, चरखीवर डोक्याच्या केसाइतका नायलॉनचा दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला किडा नाही, कणीक नाही, तर बोटाच्या पेराएवढा चकाकणारा पत्र्याचा चमचा व त्याला अडकवलेला एवढासा गळ. पाण्यातून ओढला की हा चमचा घाबरलेल्या माशासारखा लडखडतो आणि मोठा मासा त्याच्या मागे लागतो. "दीकरा, भारी हाथे माछली नी आवे," बावाजी म्हणाले. जड हाताला मासा येत नाही, एवढे वाक्य ऐकून साडूंचे आयुष्य बदलले. सुरतेला मुलाकडे कायमचे जाताना बावाजींनी ती काठी त्यांनाच देऊन टाकली.

सराव खळ्यावर सुरू झाला. मळणीच्या जागी एक लोटा मांडायचा आणि लांबून चमचा त्यात टाकायचा. त्या दिवशी आमचे सासरे पाहुणे आले होते व खळ्याच्या कडेला बाजेवर बसले होते. साडूंनी काठी मागे नेली, चमचा सासऱ्यांच्या पागोट्यात अडकला, काठी पुढे आली, आणि पागोटे माझ्या डोळ्यांदेखत खळ्यावरून उडत गेले. दुसरा कोणी असता तर त्याने हिसका दिला असता. साडूंनी मात्र, दोरा तुटू नये म्हणून, ते पागोटे कधी सैल सोडीत, कधी हळूच जवळ घेत, जिवंत प्राण्याप्रमाणे गोंजारत पायाशी आणले. सासरे उघड्या डोक्याने हे सर्व पाहत होते. ते एवढेच म्हणाले, "जवाई, मांगतात तं दी दिधं असतं!"

आता कोणी विचारील की दाराशी तापीमाय असता हा मनुष्य समुद्राला का गेला. त्याने तापीवर एकदाच काठी काढली. काठावर जाळे वाळत घालणारा भोई जवळ आला, काठीकडे पाहिले, साडूंकडे पाहिले आणि अत्यंत आदराने म्हणाला, "दाजी, हाई काडीवर मासा धरशात का दात कोरशात?" पण साडू त्यामुळे हटले नाहीत. ते हटले ते वेगळ्याच कारणाने. "भाऊ," ते मला म्हणाले, "मायना मांडीवर बठीसन लबाडी नही करता येवाव." येथे वाचकांनी ध्यानात घ्यावे की माझे साडू माणसांशी कधीही खोटे बोलत नसत. विचारले की सांगून मोकळे. आयुष्यातले सगळे खोटे त्यांनी त्या चमच्यासाठी राखून ठेवले होते. मी त्यांना कायद्याच्या अंगाने सुनावले होते की पत्र्यास मासा भासवून समोरच्यास प्रवृत्त करणे ही सरळसरळ कलम चारशेवीसची बाब आहे. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "म्हनीसन तं त्याले सोडी देस मी."

याप्रमाणे गोड्या पाण्याचा प्रश्न निकालात निघाला आणि साडू खाऱ्या पाण्याकडे वळले. सुरतेची पॅसेंजर नंदुरबारहून धरायची, सुरतेहून डुमसच्या खाडीवर जायचे. बावाजींनी शिकवले होते की अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येते, पाणी गढूळ होऊन चमचा दिसत नाही. अष्टमीला भरतीचा जोर मोडतो, पाणी निवळते. म्हणून साडू पंचांग पाहून अष्टमीलाच निघत. बावाजींनी हेही शिकवले होते की खारे पाणी चरखीला खाऊन टाकते, ती गोड्या पाण्याने लगेच धुवावी. म्हणून साडू निघताना तापीवर जात, तांब्या भरून घेत, वर पान बांधत आणि तो सांभाळून नेत.

आता हे दृश्य गावाने कसे पाहिले याचा विचार व्हावा. एक सत्यवचनी, शाकाहारी गृहस्थ दर अष्टमीला पहाटे तापीत स्नान करतो, तांब्या भरतो, बगलेत कापडात गुंडाळलेली लांब वस्तू घेतो, ती देवीच्या निशाणाची काठी असावी अशी गावाची समजूत, आणि सुरतेकडे जातो. परततो तेव्हा तांब्या रिकामा व मुद्रा प्रसन्न. माझी मेहुणी शेजारणींना सांगे, "अष्टमी उनी का यास्ना पाय घरमा ठरत नही. देवीनं बलावनं येस." साडूंनी देवीचे नाव कधी घेतले नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

एकदा मी साक्षीसाठी बरोबर गेलो. समुद्र निळा असतो असे आम्हांस शाळेत शिकवले होते. डुमसचा समुद्र चहाच्या रंगाचा व वाळू काळी. साडू गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि चमचा टाकत राहिले. उन्हे कलली तेव्हा ती तुरीची काडी एकदम वाकली. मी "ओढा! ओढा!" असे ओरडलो. साडू ओढेनात. चरखीतून दोरा जाऊ देत होते, मासा दमला की थोडा घेत होते, तो चिडला की पुन्हा देत होते. शेवटी तळहाताएवढा एक चंदेरी मासा आला. त्याची जात मी विचारली नाही. साडूंनी ओल्या हाताने त्याचा गळ सोडवला, त्याला पाण्यात धरून ठेवले आणि तो स्वतःहून गेला तेव्हा हात जोडले. पुजाऱ्याइतके मनापासून. त्या क्षणी गावाचा समज अगदीच चुकीचा आहे असे मला म्हणवेना.

याच कीर्तीवर त्यांच्या एकुलत्या एक मुलीला शहाद्याकडचे स्थळ आले. मुलगा शिकलेला, घर भरलेले, आणि मुलाचा बाप इतका कडक की त्याच्या बांधावरून मासळीची पाटी जात असेल तर तो वारा कोणीकडचा आहे ते पाही. "अष्टमीवालासनी पोर शे, मंग देखानं काय?" असे म्हणून त्यांनी होकार जवळजवळ दिलाच होता. मुलीचे मन त्या मुलावर बसले होते आणि मेहुणीने रात्ररात्र जागून नवस बोलले होते. सुपारी फोडायच्या बैठकीस, प्रमाण मराठीत चार शब्द बोलणारा म्हणून, मला नेण्यात आले.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सदरहू सोयरीक व्हावी, यासाठी आमचे साडू गेल्या दिवाळीपासून आपणांस गळ घालीत आहेत."

वाक्य निर्दोष होते, हे मी आजही कोणत्याही कोर्टात सांगेन. गळ घालणे म्हणजे आग्रहाची विनंती करणे. परंतु हा प्रयोग कचेरीच्या मराठीतला. आमच्या बोलीत ळ चा य होतो, आणि गय म्हणजे एकच वस्तू, जी माशाच्या घशात अडकते. होणाऱ्या व्याह्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"काय घाली ऱ्हायनात?"

"गळ," मी अधिक स्पष्ट उच्चार केला.

"गय? मासासना गय?"

मी खुलासा करणार तोच साडू उभे राहिले. त्यांनीही माझे वाक्य तसेच ऐकले होते. त्यांना वाटले, मी सांगून टाकले, आता विचारले आहे, तर उत्तर द्यावे. ते म्हणाले, "हां. घालस मी. पन तापीमा नही. समिंदरमा."

"आनि अष्टमी?"

"अष्टमीले पानी निवयस."

"आनि तापीना तांब्या?"

"चरखी धोवाले. खारं पानी लोखंड खास."

मी मध्ये पडून म्हणालो की हा वाक्प्रचार आहे, याचा अर्थ निराळा आहे, मी व्याकरणाने सिद्ध करून दाखवतो. व्याही म्हणाले, "भाऊ, तुम्ही बठा. एकच शब्द बोलनात अन् सोयरीक डुबाडी दिधी." मग साडूंकडे वळले. "खातस का?"

"नही."

"इकतस?"

"नही. सोडी देस."

"मंग धरतस कसाले?"

साडूंनी पुष्कळ विचार केला. माझी मेहुणी पदर तोंडात धरून बसली होती. "येस का नही, हाई देखाले," ते म्हणाले. म्हणजे मासा येतो की नाही, हे पाहायला.

हे ऐकून बैठकीत कोणीतरी खाकरले. सुपारी तबकात तशीच होती. मी मनातल्या मनात परतीच्या बैलगाडीत बसलोसुद्धा होतो. तेवढ्यात माजघराच्या दाराआडून मुलाच्या आईचा आवाज आला, "अवो, मी काय म्हनस. लोके देवना नाववर खोटं बोलतस. या मानूसले देवनं नाव आयतं भेटेल व्हतं, ते बी यानी परत दी टाकं. या घरनी पोर माले चालस."

व्याही बराच वेळ मिशीवरून हात फिरवीत राहिले. मग म्हणाले, "पोर चालस. पन गय बंद."

"बंद," साडू म्हणाले. क्षणाचाही विलंब नाही. सुपारी फुटली. तिचा तो आवाज माझ्या कानाला सनईपेक्षा गोड लागला. बाहेर येऊन मी ओट्यावर टेकलो. मेहुणी एकाच वेळी रडत व मला शिव्या देत होती, आणि मला त्या शिव्यांनी अगदी बरे वाटत होते.

लग्न यथासांग झाले. मुलगी सुखात नांदू लागली. साडूंनी काठी आढ्याला टांगली व अष्टमीलाही घरी राहू लागले. थोड्याच दिवसांत मेहुणी माझ्याकडे कैफियत घेऊन आली. "भाऊ, यासले कोठे तरी धाडा. दिवसभर चुलापान बठीसन भाकर कशी फुगस हाई देखतस."

मी प्रकरणाची मूळ भाषा तपासली. शर्तीचे शब्द होते, 'गय बंद'. काठी, चरखी, दोरा, चमचा, समुद्र अथवा अष्टमी यांपैकी कशाचाही उल्लेख शर्तीत नव्हता. मी हा अन्वयार्थ साडूंपुढे ठेवला. त्यांनी विचारले, "हाई खोटं तं नही ना व्हनार?" मी म्हणालो, नाही, याला कायदेशीर म्हणतात. तरीही ते प्रथम व्याह्यांकडे गेले, सर्व चमच्यांचे गळ पकडीने काढून त्यांच्यापुढे ठेवले आणि परवानगी मागितली. व्याह्यांनी तो बिनगळाचा चमचा उलटसुलट पाहिला, त्यांना हसू आवरले नाही, आणि त्या दिवसापासून ते पंचक्रोशीत सांगत असतात, "मन्हा याही दर अष्टमीले समिंदरमा चमचा धोवाले जास."

गेल्या अष्टमीस मी पुन्हा बरोबर होतो. साडू आता थकले आहेत. गाडीच्या पायरीवर त्यांना हात द्यावा लागतो, दोऱ्याची गाठ मी मारून देतो. पाण्यात उभे राहिले की मात्र जुनेच. मासा आला. काठी वाकली. साडूंनी डोळे मिटून घेतले, हात सैल केला, दोरा द्यायला सुरुवात केली, आणि काठी सरळ झाली. अडकवायला काही नव्हतेच, माशाने चमचा तोंडात धरला, चाखला आणि सोडला. साडू मला म्हणाले, "उना व्हता," म्हणजे आला होता. एवढेच. तक्रार नव्हती. पण दोरा सैल पडल्यावरही त्यांचा हात बराच वेळ, कोणी दुखावू नये असा, देत आणि घेत राहिला.

सबब, मेहेरबान व्याहीबुवांस अर्जदाराची नम्र प्रार्थना की, मुलीचा संसार सुरळीत चालू असून शर्तीचा हेतू सफल झालेला आहे. तरी सदर शर्तीचा फेरविचार व्हावा व साडूंना एक गळ, तोही बिनकाट्याचा, म्हणजे माशास सहज सुटता येईल असा, मंजूर व्हावा. प्रस्तुत अर्ज साडूंच्या माहितीशिवाय केला आहे. त्यांनी होऊन कधी मागितले नसते. निकाल होकाराचा असो की नकाराचा, लेखी कळवावा. मात्र विलंब होऊ नये, कारण पाण्याखाली कोण आले ते त्यांच्या मनगटाला अजून समजते आहे.

अर्जदाराची सही.