कडूकाकीचा कुडा

कडूकाकी कुठल्याही वस्तूची ओळख जिभेनंच करून घ्यायची. झाडपाला असो की माझ्या सासूबाईंनी केलेला चहा, आधी चव, मग अभिप्राय. एकदा हौसेनं तिला कॉलेजची प्रयोगशाळा दाखवायला नेलं, तर परीक्षानळीतल्या अर्कात तिचं बोट जवळजवळ बुडालंच होतं. हाताला धरून तिला बाहेर आणावं लागलं. तिचं नाव मात्र औषधांवरून पडलेलं, स्वभावावरून नव्हे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मालवणला रसायनशास्त्र शिकवत होते आणि एम.फिल.साठी पांढऱ्या कुड्याच्या पानात, बियांत आणि सालीत कोणती औषधी द्रव्यं आहेत ते शोधत होते. आतल्या गावातली काकी हगवणीवर कुड्याची साल द्यायची, म्हणून तिच्याकडे गेले. ज्या उत्तराला मला दोन वर्षं लागणार होती, ते तिनं उभ्याउभ्याच दिलं.

"पान म्हणजे पोर, बी म्हणजे सून आणि साल म्हणजे सासू. घरात जोर कोणाचो, ता तुका सांगाक व्हया?"

ती खोडाच्या एकाच बाजूची साल काढायची, जखमेला शेण लिंपायची आणि तुकडा चावून कडू लागला तरच पुडी बांधायची. अशीच एक पुडी मला मिळाली.

काचपट्टीवर अर्काचा थेंब ठेवून रसायनाचा फवारा मारला की कुड्यातली कडू द्रव्यं नारिंगी डाग होऊन उमटतात. पानाचा डाग फिका आला, बियांचा ठसठशीत, आणि साल, म्हणजे काकीच्या हिशेबातल्या सासूबाई, मूग गिळून बसल्या. तीनदा केलं, पट्टी कोरीच. मार्गदर्शकांचं पत्र आलं, महिनाभरात उलगडा करा, नाहीतर विषय बदला. मला जेवण जाईना. उरलेली साल घेऊन मी काकीकडे गेले.

तिनं तुकडा चावला आणि लगेच थुंकून टाकला.

"ह्यो काळो कुडो. चूक माजीच गो बाय. तेवां तापात तोंडाक चव नाय हुती, तरी साल काढलंय."

पानगळीत दोन्ही कुडे सारखेच दिसतात, पण काळ्याची साल कडू नसते. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, चला, आत्ताच खरी साल काढू. काकी उठली, पण कोयता न घेता. तीच साल तिनं आणखी तीन घरांत दिली होती.

"तुजा पुस्तक रवांदे. लोकांची पोटा थांबाची नायत."

मी मागोमाग गेले. प्रत्येक दारात तिनं आपलं औषध चुकल्याचं स्वतःहून सांगितलं. एक म्हातारा तर बरा होऊन सालीचे गुण गात बसला होता. तू पेजेनं बरा झालास, असं तिनं त्याला ठणकावलं. शेवटच्या घरची सून अजून हैराण होती. तिला काकी स्वतः सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली, कारण त्या कोऱ्या पट्ट्या गुपचूप फेकून द्यायचं मी मनात ठरवून टाकलं होतं.

नव्या सालीचा डाग सगळ्यांत गडद आला. सासूचा जोर सिद्ध झाला.

काकी जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या प्रबंधात चुकलेल्या सालीवर एक अख्खं पान आहे. ते लिहिताना, तुझं नाव घालू की नको, असं मी तिला भीत भीत विचारलं होतं.

"घाल. चूक माजी, मगे नाव कोणाचा घालतलंस?"